एमआयडीसीतला खड्डा नेमका कुणाचा? नागापूर ते सुपा, औद्योगिक वसाहतींच्या देखभालीचं गणित

अहिल्यानगर शहरातून मनमाड रस्त्याने बाहेर पडलं आणि नागापूरजवळ सीना नदीवरचा पूल ओलांडला, की थोड्याच वेळात एमआयडीसी लागते. सकाळची पाळी सुरू होण्याच्या वेळी या रस्त्यावर कामगारांच्या दुचाकी, कंपन्यांच्या बस, मालाचे ट्रक आणि डबा घेऊन पायी निघालेली माणसं अशी सगळी गर्दी एकाच वेळी असते.

समजा, यातला एक कामगार नवनागापूरमध्ये भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या खोलीसमोरची गटार ग्रामपंचायतीची. तिथून तो मुख्य रस्त्यावर आला की तो राष्ट्रीय महामार्ग. महामार्ग सोडून कंपनीकडे वळला की रस्ता एमआयडीसीचा. डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा महावितरणच्या. सुट्टीच्या दिवशी तो बाजारहाटासाठी शहराकडे निघाला, की महापालिकेची हद्द सुरू.

म्हणजे अर्ध्या तासाच्या अंतरात पाच यंत्रणा. दुचाकीला बसणारा दणका मात्र सगळीकडे सारखाच.

औद्योगिक वसाहतीतले रस्ते, दिवे, गटारी, कचरा यांविषयी तक्रारी निघाल्या की पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘ते आमच्याकडे येत नाही’ असंच असतं. गंमत म्हणजे हे उत्तर देणारा अनेकदा खरंच बोलत असतो. मग ते येतं कुणाकडे? उद्योगांकडून जमा होणारा पैसा कुठे जातो? आणि इतर ठिकाणी यावर काय तोडगा काढलाय? समजून घेऊया.

आधी एमआयडीसी म्हणजे काय, ते पाहू

आपण बोलताना ‘एमआयडीसी’ हा शब्द जागेसाठी वापरतो. ‘तो एमआयडीसीत कामाला आहे’, असं म्हणतो. मुळात ते एका महामंडळाचं नाव आहे: महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी या महामंडळाची स्थापना झाली.

महामंडळाचं काम ढोबळमानाने असं चालतं. सरकार एखादा भाग औद्योगिक क्षेत्र म्हणून जाहीर करतं. शेतकऱ्यांची जमीन याच कायद्याच्या कलम ३२ खाली संपादित होते. ज्या गावात एमआयडीसी आली आहे, तिथे ‘३२-२ ची नोटीस’ हा शब्द शाळकरी पोरांनाही माहीत असतो. मग महामंडळ त्या जमिनीवर रस्ते, पाणी, दिवे अशा सोयी करतं, भूखंड पाडतं आणि ते उद्योगांना साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतं.

म्हणजे कारखानदार जमिनीचा मालक नसतो, तो भाडेपट्टाधारक असतो. जमीन महामंडळाकडेच राहते. त्या क्षेत्रापुरतं महामंडळ हे विशेष नियोजन प्राधिकरणही असतं. त्यामुळे बांधकामाचा नकाशा मंजूर करायचा असेल, तर उद्योजक ग्रामपंचायतीकडे नाही, एमआयडीसीकडे जातो.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. गुंता यापुढे सुरू होतो. एमआयडीसी आली म्हणून तिथलं गाव रद्द होत नाही. कारखाने ज्या गावाच्या हद्दीत येतात, त्या गावची ग्रामपंचायत तिथे असतेच आणि तिचा कर लावण्याचा अधिकारही शाबूत असतो.

पैसा कुणाकुणाला जातो?

नागापूर किंवा सुप्याच्या वसाहतीतला एखादा लघुउद्योजक डोळ्यांसमोर आणा. दहा-पंधरा कामगार, दोन शेड, मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवण्याचं काम. त्याच्या खिशातून देखभालीशी संबंधित पैसा कुठे कुठे जातो?

पहिला पैसा एमआयडीसीला. भूखंडाच्या क्षेत्रफळानुसार सेवा शुल्क, वापराप्रमाणे पाणीपट्टी आणि जिथे सोय असेल तिथे अग्निशमन किंवा सांडपाण्याचे आकार. रस्ते, दिवे आणि गटारींची देखभाल यातून व्हावी, अशी अपेक्षा.

दुसरा पैसा ग्रामपंचायतीला. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ नुसार ग्रामपंचायत हद्दीतल्या इमारतींवर कर लावते. कारखान्यांसाठी याच कायद्यात कलम १२५ ची वेगळी वाट आहे. त्यानुसार कराऐवजी ठरावीक ठोक रक्कम द्यायचा करार ग्रामपंचायत आणि कारखाना करू शकतात. कारखाना महापालिकेच्या हद्दीत असेल, तर मालमत्ता कर महापालिकेला.

तिसरा पैसा मोठ्या कंपन्यांचा, सीएसआरचा. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत किंवा त्यापुढे जातो, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आपला लघुउद्योजक यात बसत नाही, पण त्याच्या शेजारची मोठी कंपनी बसू शकते.

उद्योजकांची जुनी तक्रार इथूनच येते. ‘रस्त्यासाठी एमआयडीसीला देतो, मग ग्रामपंचायतीला कशासाठी?’

ही तक्रार खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी बाजू ऐकायला वेशीच्या आत जावं लागतं.

ग्रामपंचायतीची बाजू

कारखान्यात काम करणारा माणूस कारखान्यात राहत नाही. तो आसपास खोली बघतो. नागापूरला एमआयडीसी झाली, पुढे मोठ्या कंपन्या आल्या आणि त्यांना माल पुरवणारे शेकडो छोटे उद्योग उभे राहिले. त्यांच्याबरोबर आजूबाजूची वस्तीही वाढत गेली. नागापूर आणि बोल्हेगाव आज महापालिकेच्या हद्दीत आहेत. नवनागापूर, वडगाव गुप्ता, निंबळक इथे ग्रामपंचायती आहेत. औद्योगिक पट्टा एकच, पण त्याच्या आजूबाजूची सत्ता अशी वाटली गेलेली.

या वस्तीला पाणी कोण देणार? कचरा कोण उचलणार? खोल्यांचं सांडपाणी कुठे सोडायचं? पोरांच्या शाळेचं आणि अंगणवाडीचं काय? ही सगळी जबाबदारी ग्रामपंचायतीची. एमआयडीसीचा अधिकार भूखंडाच्या आणि तिच्या रस्त्यांच्या कडेला संपतो. उद्योगामुळे वाढलेल्या वस्तीचा भार मात्र कुंपणाच्या बाहेर पडतो.

म्हणून सरपंच म्हणू शकतो, ‘जमीन आमची गेली, ट्रक आमच्या रस्त्यावरून जातात, कामगार आमच्याकडे राहतात आणि करही द्यायचा नाही, हे कसं?’

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. शेतीवर जगणाऱ्या चार-पाच हजार वस्तीच्या गावासाठी जी ग्रामपंचायत बनली, तिच्याकडून आता लहान शहर चालवायची अपेक्षा आहे. तिच्याकडे ग्रामपंचायत अधिकारी असतो, शिपाई असतो, पाणी सोडणारा कर्मचारी असतो. मलनिस्सारणाचा आराखडा करणारा अभियंता नसतो. त्यामुळे कराचे पैसे आले तरी ते योग्य कामावर खर्च होतीलच, याची खात्री नसते.

कारखान्याला मत नसतं, भाडेकरूचं मत गावाकडे असतं

देखभाल मागे पडते, त्याचं एक कारण राजकीय आहे आणि त्यावर फारसं बोललं जात नाही.

कारखाना कर देतो, पण त्याला मत नसतं. उद्योजक बहुतेक वेळा शहरात राहतो, त्याचं मत तिथे. कामगार बीड, जालना, विदर्भ, बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो आणि त्याचं नाव अनेकदा गावाकडच्याच यादीत असतं. मोबाइल, बँक आणि रेशनचे कागद करता करता त्याची दमछाक होते. मतदारयादीत नाव बदलायचं राहून जातं.

मग उरतं कोण? मूळ गावकरी आणि खोल्यांचे मालक. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांचं मत मोजलं जातं. खोल्यांच्या मागची गटार तुंबली, तर त्रास भाडेकरूला होतो आणि मत मालकाचं असतं.

दुसरीकडे, एमआयडीसीचे अधिकारी निवडून आलेले नसतात. ते महामंडळाला उत्तर देतात, वसाहतीत राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसाला नाही. थोडक्यात, जो रोज त्या रस्त्यावरून जातो, त्याला कुणालाही जाब विचारण्याची सोय या रचनेत नाही.

‘एमआयडीसी आणली’ याचं श्रेय मिळतं, ‘चालवली’ याचं नाही

जिल्ह्याचं राजकारण बघा. कर्जत-जामखेडला एमआयडीसी व्हावी म्हणून २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात आमदार रोहित पवार विधानभवनाच्या आवारात आंदोलनाला बसले. जागा कुठली असावी, यावरून त्यांच्यात आणि राम शिंदे यांच्यात बराच काळ आरोप-प्रत्यारोप झाले. शिर्डीजवळच्या नव्या औद्योगिक वसाहतीचीही अशीच चर्चा झाली. सुप्यात विस्तारित वसाहत झाली, जपानी कंपन्यांसाठी वेगळा भाग आखला गेला, मायडियासारखी परदेशी कंपनी तिथे आली, तेव्हा त्याचीही श्रेयाची मोजदाद झाली.

यात चूक काही नाही. जिल्हा मोठा आहे, दक्षिणेकडचे तालुके अवर्षणग्रस्त आहेत आणि पोरांना पुण्याला जावं लागू नये, ही इच्छा रास्तच आहे.

पण नवी वसाहत आणणं ही बातमी असते. जुन्या वसाहतीतली गटार साफ करणं ही बातमी नसते. भूमिपूजनाला फलक लागतो, डागडुजीला लागत नाही. त्यामुळे भांडवली खर्चाला पैसा आणि पाठिंबा दोन्ही मिळतात आणि देखभाल वर्षानुवर्षं ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ या शेऱ्याखाली पडून राहते.

याची किंमत सगळ्यात आधी लहान उद्योजक मोजतो. मोठी कंपनी स्वतःचे सुरक्षारक्षक, स्वतःची बस, पाण्याची मोठी टाकी, जनरेटर यांवर खर्च करू शकते. दोन शेडवाल्याला ते जमत नाही. त्याचा टेम्पो खड्ड्यात आदळून माल खराब झाला, तर तो तोटा त्याचाच. आणि रात्रपाळी संपवून अंधाऱ्या रस्त्याने खोलीवर परतणाऱ्या महिला कामगाराने काय करायचं? अनेकींचं उत्तर एकच असतं: ती पाळी घ्यायचीच नाही. म्हणजे बंद पडलेला दिवा शेवटी तिच्या पगारातून वजा होतो.

इतर राज्यांनी काय केलं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळी उत्तरं शोधली आहेत.

गुजरात: तिथल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे जीआयडीसीच्या अनेक वसाहती ‘अधिसूचित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाल्या आहेत. वापी आणि अंकलेश्वर ही त्यातली ठळक नावं. तिथे वसाहतीपुरती नागरी सेवांची यंत्रणा वेगळी असते आणि वसाहतीतला कर तिच्याकडे जातो. याविरुद्ध ग्रामपंचायत थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ‘सैज ग्रामपंचायत विरुद्ध गुजरात राज्य’ या १९९९ च्या निकालात न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. आधार होता राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-क्यूचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या अनुच्छेदात ‘औद्योगिक नगरी’ची तरतूद आहे. उद्योगसंस्था एखाद्या भागाला नागरी सेवा पुरवत असेल किंवा पुरवणार असेल, तर राज्यपाल तो भाग औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात आणि मग तिथे नगरपरिषद स्थापन करणं बंधनकारक राहत नाही.

आंध्र प्रदेश आणि तेलंगणा: इथे मधला मार्ग निघाला. औद्योगिक वसाहतीसाठी ‘औद्योगिक क्षेत्र स्थानिक प्राधिकरण’ नेमलं जातं. मालमत्ता कर तेच गोळा करतं. त्यातला ३५ टक्के वाटा मूळ ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला जातो आणि उरलेला ६५ टक्के वसाहतीच्या देखभालीसाठी राहतो. उद्योजक एकाच खिडकीत पैसे भरतो आणि गावाचा वाटाही आधीच ठरलेला असतो.

महाराष्ट्र: आपल्याकडेही कायद्यात जागा आहे. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्याचं पूर्ण नावच ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम’ असं आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि बिडकीन इथे ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर उभारताना वेगळी कंपनी स्थापन झाली. तिच्यात एमआयडीसीचा वाटा ५१ टक्के आणि केंद्राच्या औद्योगिक कॉरिडॉर न्यासाचा ४९ टक्के. एकाच संस्थेकडे नियोजन, बांधणी आणि देखभाल देण्याचा हा प्रयोग आहे. पण तो मोकळ्या जमिनीवर, शून्यापासून सुरू झाला. नागापूरसारख्या जुन्या, वस्तीने वेढलेल्या वसाहतीत तो जसाच्या तसा उचलून आणता येत नाही.

जुन्या वसाहती वाढत गेल्या की काय होतं, हे बघायचं तर हिंजवडीचं उदाहरण ताजं आहे. आयटी पार्क एमआयडीसीचं, गावं ग्रामपंचायतींची, आसपासचं नियोजन पीएमआरडीएचं आणि शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका. २०२५ च्या पावसाळ्यात तिथले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा पाणी कुणाच्या नाल्यातून जायला हवं होतं, यावरच आधी चर्चा झाली.

परदेशातलं ‘सुधारणा क्षेत्र’ काय असतं?

कॅनडातल्या टोरांटो शहरात १९७० मध्ये ब्लूअर वेस्ट व्हिलेज नावाच्या बाजारपेठेत एक प्रयोग झाला. नव्या मॉलमुळे आणि मेट्रोमुळे तिथल्या दुकानांचं गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं. दुकानदारांनी स्वतःवर जादा पट्टी लावून घ्यायचं ठरवलं. ती पालिकेने कराबरोबर गोळा करायची, दुकानदारांच्या मंडळाला परत द्यायची आणि त्यातून दिवे, बाकं, स्वच्छता अशी कामं करायची. याला ‘व्यवसाय सुधारणा क्षेत्र’ म्हटलं गेलं. पुढे ही कल्पना अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका अशी जगभर गेली आणि काही ठिकाणी औद्योगिक पट्ट्यांसाठीही वापरली गेली.

यातली महत्त्वाची गोष्ट जादा पैसा ही नाही. महत्त्वाचं आहे ते हे की, त्या भागातून गोळा झालेला पैसा त्याच भागात खर्च होतो आणि पैसे देणारे त्याचा हिशेब दरवर्षी समोर बसून बघतात.

या पद्धतीवर टीकाही आहे आणि ती आपल्याला लागू पडते. मंडळावर मालमत्ताधारक बसतात, भाडेकरू आणि कामगार नाहीत. ज्याच्याकडे पैसा, त्याचा रस्ता चकाचक आणि मागची वस्ती तशीच, असंही घडतं. गुजरातच्या अधिसूचित क्षेत्रांवर किंवा औद्योगिक नगरीच्या कल्पनेवरचा मूळ आक्षेपही हाच आहे: कर भरणाऱ्यांची सोय होते, पण निवडून दिलेली सभा उरत नाही. महाराष्ट्रात कराची वसुली एमआयडीसीकडे देऊन ग्रामपंचायतीला त्यातला वाटा द्यायचा, असा विचार पुढे आला, तेव्हा ग्रामपंचायतींनी विरोध केला. तोही याच भीतीपोटी. आज वसुलीचा हक्क गेला, उद्या वाटाही जाईल, असं त्यांना वाटतं.

मग सीएसआरमधून का करत नाहीत?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कंपन्यांनी गावात शाळाखोल्या बांधल्या, पाण्याची यंत्रं बसवली, झाडं लावली, अशी कामं अनेक ठिकाणी दिसतात. ती उपयोगाची आहेत. पण सीएसआर आणि देखभाल यांत फरक आहे.

सीएसआरचा पैसा नफ्यावर अवलंबून असतो. या वर्षी आहे, पुढच्या वर्षी कमी. कुठे खर्च करायचा, हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. ते मुंबईत किंवा परदेशात बसलेलं असू शकतं. कंपनी विकली गेली, तर प्राधान्यही बदलू शकतं. नगरकरांनी हे जवळून पाहिलंय. ‘एल अँड टी’चा विद्युत उपकरणांचा व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या ‘एल अँड टीत आहे’ म्हणणाऱ्या घरांना कंपनीचं नवं नाव शिकावं लागलं.

शिवाय फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी केलेला खर्च कायद्याने सीएसआरमध्ये धरला जात नाही. झाड लावायला सीएसआर चालतो. त्याला रोज पाणी घालायला माणूस लागतो आणि त्या माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. देखभाल म्हणजे हा पगार.

उत्तराचा एक धागा याच जिल्ह्यात आहे

सुप्याच्या वसाहतीपासून राळेगणसिद्धी फार लांब नाही. नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. पाणलोट, श्रमदान, चराईबंदी यांसाठी ही दोन गावं देशभर माहीत झाली. पण हिवरे बाजारची एक सवय औद्योगिक वसाहतींनी शिकण्यासारखी आहे. ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. यंदा पाऊस किती पडला, गावात पाणी किती आहे, पिण्याला किती, जनावरांना किती आणि उरलेल्यात कोणतं पीक घ्यायचं, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडलं जातं. आकडा समोर आला की भांडणाचं स्वरूप बदलतं. ‘तू जास्त घेतोस’ यावरून चर्चा ‘आहे किती’ यावर येते.

नागापूर असो की सुपा, औद्योगिक पट्ट्याचा असा ताळेबंद एका जागी मांडला जात नाही. एमआयडीसीने त्या वसाहतीतून सेवा शुल्कापोटी किती गोळा केले आणि तिथे किती खर्च केले, हे तिच्या दप्तरात. ग्रामपंचायतीला कारखान्यांकडून किती कर आला आणि तो कुठे गेला, हे तिच्या दप्तरात. महापालिकेचं तिसरीकडे, सीएसआरचं कंपनीच्या वार्षिक अहवालात. प्रत्येक जण आपल्या आकड्यावर बोट ठेवून ‘आमच्याकडे निधी अपुरा आहे’ म्हणतो आणि ते तपासायला कुणाकडेच पूर्ण बेरीज नसते.

म्हणून औद्योगिक नगरी हवी की ग्रामपंचायत, या वादाआधी तीन साध्या गोष्टी करता येतात. त्यांना नवा कायदा लागत नाही.

एक, मालकीचा नकाशा. कुठला रस्ता, कुठली गटार, कुठला खांब कुणाचा, हे एका नकाशावर रंगाने दाखवायचं आणि चौकाचौकांत लावायचं. तक्रार कुणाकडे करायची, हे त्यावरून कामगारालाही कळेल. ‘आमच्याकडे येत नाही’ या उत्तराची वाट तिथेच बंद होते. आणि जो भाग नकाशावर कुणाच्याच रंगात येत नाही, तोच नेमका तुंबणारा भाग असण्याची शक्यता मोठी.

दोन, एकत्र ताळेबंद. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक यंत्रणांनी खर्चाची माहिती स्वतःहून जाहीर करायचीच असते. ती वसाहतनिहाय, एका पानावर, वर्षातून एकदा मांडायची. ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्यातली एक औद्योगिक कराच्या हिशेबासाठी ठेवली, तर सुरुवात होईल.

तीन, टेबलाभोवतीची माणसं वाढवणं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठका होतात. तिथे रस्ते, वीज, अतिक्रमण यांवर उद्योजक संघटना तक्रारी मांडतात. ही सोय चांगली आहे, पण ती मुख्यतः उद्योजकांसाठी आहे. औद्योगिक पट्ट्यातले सरपंच आणि कामगारांचे प्रतिनिधी देखभालीच्या विषयापुरते तरी त्याच बैठकीत बसले, तर एकमेकांचे आकडे एकमेकांसमोर येतील.

हे तिन्ही झाले, की मग तेलंगणासारखी करवाटणी आपल्याला परवडते का, यावर माहितीच्या आधारे बोलता येईल. आज तो वाद अंदाजावर चालतो.

तोवर तक्रार कुठे करायची?

- वसाहतीच्या आतला रस्ता, पथदिवे, पाण्याची वाहिनी, गटार: एमआयडीसीचं स्थानिक अभियांत्रिकी कार्यालय.
- मनमाड किंवा पुणे रस्त्यावरचा खड्डा: महामार्ग सांभाळणारी यंत्रणा. एमआयडीसी तो बुजवू शकत नाही.
- वस्तीतला कचरा, गल्लीतली गटार, गावठाणातले दिवे: हद्दीप्रमाणे ग्रामपंचायत किंवा महापालिका.
- वीज खंडित होणं, लोंबणाऱ्या तारा: महावितरण.
- धूर, उग्र वास, नाल्यात सोडलेलं रंगीत पाणी: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. ‘आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर आलं, तर तेही लेखीच मागा. ते कुणाकडे येतं, हे सांगण्याची जबाबदारी मग त्या कार्यालयावर येते. माहिती अधिकाराखाली अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याचं बंधन कायद्यातच आहे. खड्ड्याच्या तक्रारीला असं बंधन नाही, म्हणून माहितीच्या अर्जात प्रश्न असा विचारा: ‘या रस्त्याची देखभाल कुणाकडे आहे आणि मागच्या तीन वर्षांत त्यावर किती खर्च झाला?’

पाळी सुटल्यावर नवनागापूरच्या खोलीकडे निघालेल्या त्या कामगाराला अनुच्छेद २४३-क्यू माहीत असण्याची गरज नाही. त्याला रस्त्यावर दिवा हवा आहे. तो दिवा लावायला लागणारा पैसा कुठल्या ना कुठल्या दप्तरात जमा होतोच आहे. तो कुठल्या, हे एकदा सगळ्यांसमोर मांडलं, की पुढचं भांडण निदान योग्य दारात तरी होईल.